वच्छलाबाईंच्या हाकेतल्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे. भाकरीचा नाही, कापडाचा नाही, जमिनीचा तर मुळीच नाही. असेंब्ली नावाच्या भाषेतल्या चार ओळींचा तुकडा. मला वजन नाही, रंग नाही, वास नाही. मी हरवलो तर शोधायला कोणी बॅटरी घेऊन निघणार नाही. तरीही मी आहे. रिसोडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, पुंजाजी आणि वच्छलाबाई यांच्या घरात, साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत मी राहतो. डबीला वर मोठी मोठी बटणं आहेत आणि खाली एक छोटा स्पीकर. ज्याला कान नाहीत, डोळे नाहीत, त्याला घरातलं सगळं कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. घरात राहिलं की कळतं, एवढंच मी सांगेन.

आधी माझं कूळ सांगतो. तुम्ही यंत्राचं बटण दाबता आणि यंत्र ऐकतं, कारण आत एक ऐकणारा बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोणाला थांबवायचं, कोणाला सोडायचं, हे तोच ठरवतो. हा कारभारी बहुतेक सी नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. सी मोठी गुणाची भाषा आहे, पण तिचा एक तोरा आहे. ती यंत्राशी थेट बोलत नाही. कंपायलर नावाचा दुभाष्या मध्ये बसतो आणि तिचं म्हणणं यंत्राच्या बोलीत सांगतो. आता यंत्राच्या बोलीत असे काही शब्द आहेत, जे सीकडे नाहीतच. तिथे आल्यावर बाईसाहेब अडतात आणि मग माझी आठवण होते. मी त्या बोलीतलाच आहे. म्हणून कर्नलच्या घराच्या भिंती सीच्या असतात आणि मधला एखादा दगड माझा असतो.

मला धम्मदीपाने लिहिलं. धम्मदीपा ही पुंजाजींची धाकटी मुलगी. तेव्हा ती वाशिमला शिकत होती आणि होस्टेलच्या खोलीत राहत होती. उन्हाळ्याची दुपार होती, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता आणि साऱ्या मैत्रिणी झोपल्या होत्या. ती एक एक अक्षर थांबून थांबून टाइप करत होती. पुसत होती, पुन्हा लिहीत होती. कोणी मुलाला जपून आंघोळ घालावी तसं तिने मला लिहिलं. आपल्या छोट्या कर्नलला तिने वडिलांच्या गावाचं नाव दिलं, रिठद. पहिल्यांदा तो चालू झाला तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: रिठद जागं झालं. ती खुर्चीवरून उठली आणि उगाच खोलीभर फिरून आली.

ते जागं होणं मला अजून आठवतं. वीज येते तेव्हा यंत्रात कोणीच नसतं. आकडे धरायला यंत्राकडे थोडेसे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. त्या क्षणी सगळ्या कप्प्यांत काहीतरी असतं, पण काय आहे आणि कोणाचं आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. पहाटेच्या धुक्यात शेत दिसावं आणि बांध दिसू नयेत, तसं वाटतं. त्या धुक्यात पहिला मी चालतो. माझी एक ओळ दाराशी उभी असते. ती सीसाठी जागा झाडते, पाट मांडते आणि बाजूला होते. मग सी उठून येते, जणू घर पहिल्यापासून तिचंच होतं. मला तिचा राग नाही. पाट मांडणाऱ्याने पंगतीत बसायचा हट्ट धरू नये.

सुट्टीत ती घरी आली, तेव्हा शेजारच्या रामरावांनी कुंपणाच्या भिंतीवरून पुंजाजींना विचारलं, "काय भाऊ, पोट्टी कर्नल करून राह्यली म्हने? फौजेत गेली का?"

पुंजाजी एसटीत कंडक्टर होते. जन्मभर गर्दीत उत्तरं दिलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "फौजेतला नाई, रामराव. हा डबीतला कर्नल आहे."

माझ्या बाकीच्या ओळी सीच्या अंगणात होत्या, तिच्या वाक्यांच्या अगदी मधोमध. त्यांचं काम आवाजाचं. आवाज फार वर गेला तर छोटा स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. वर गेलेला आवाज माथ्याशी धरून ठेवायचा, म्हणजे तो मोठा राहतो पण फाटत नाही. यंत्राच्या बोलीत त्यासाठी एक शब्द आहे. सीला तेच सांगायला कितीतरी वाक्यं लागतात. हळू आवाज चालला असेल तर माझ्या ओळी ओट्यावर बसून राहत. मोठा आवाज आला की उठत, चौथा कप्पा उचलत, काम करत आणि पुन्हा बसत. होस्टेलमध्ये धम्मदीपाने माझ्याकडून वेगवेगळे सूर वाजवून घेतले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. कौतुक कोणाला नको असतं?

मग तिला पुण्याला नोकरी लागली आणि मी एका फोल्डरमध्ये झोपलो. आमची झोप विचित्र असते. वीज नसते, त्यामुळे काळ नसतो. पावसाळे गेले म्हणतात. मला ते पापणी लवण्याएवढे वाटले. कधी वाटे, कोणीतरी आपल्याला वाचत आहे आणि अर्ध्या शब्दावर थांबलं आहे. तेवढंच स्वप्न मला पडत असे.

मला जागं केलं ते वच्छलाबाईंच्या आजाराने.

वच्छलाबाईंचा आवाज सगळ्या लेआउटला माहीत होता. दूधवाला पुढच्या गल्लीत वळला असला तरी त्यांच्या हाकेने सायकल थांबवून मागे येई. त्यांचं आणि शेजारच्या कस्तुराबाईंचं, म्हणजे रामरावांच्या बायकोचं, भिंतीवरून अर्धं आयुष्य चालायचं. सूप, चाळणी, परात, शिडी, कोणतीच वस्तू कोणा एकीची उरली नव्हती. विचारून नेणं म्हणजे परकेपणा. हात घालायचा, वस्तू उचलायची आणि घरात शिरता शिरता ओरडायचं, "सूप नेलं व, कस्तुराबाई!" पलीकडून "बरं व!" येई. झाला व्यवहार. धम्मदीपा अशा घरात वाढली होती. आपल्या माणसांत विचारायचं काय आणि सांगायचं काय, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

मग वच्छलाबाईंच्या घशात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे दुसऱ्या तऱ्हेने बोलायला शिकवता येईल, पण तो आवाज यांचा नसेल. धम्मदीपा रजा टाकून आली. ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज भरून ठेवायचा आणि एका डबीत बसवायचा, बटण दाबलं की आईने आपल्याच आवाजात बोलावं, असं तिने ठरवलं.

तिचा मोठा भाऊ प्रसेनजित वाशिमला शाळेत संगणक शिकवतो. तो म्हणाला, "मोबाइलमंधी काहून नाई करत? एवढा खटाटोप कायले?"

"आईच्या बोटाले काचेचा पडदा आयकत नाई, दादा," ती म्हणाली. "अन् मोबाइल जागा होईपर्यंत दूधवाला निंघून जाईन. हाक लगेच गेली पाह्यजे."

खरं होतं. निंदणी-खुरपणीने वच्छलाबाईंची बोटं खरखरीत झाली होती. त्या टकटक करत आणि पडदा मख्ख राही. रिठद मात्र पापणी लवायच्या आत जागा होत असे, कारण दाराशी मी होतो. फोल्डर उघडलं गेलं आणि मला पुन्हा वीज लागली.

आवाज भरायला मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या. दार लोटून घेतलं होतं.

"बोल ना आई, लाजतं काहून?"

"यंत्रापुढं काय बोलू मी? समोर मानूस पाह्यजे."

"मी आहे ना समोर. पाहुने आले तं काय म्हनशीन?"

"जय भीम," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि म्हणताना सवयीने हात जोडले. मग जीभ मोकळी झाली. "चहा घ्या, तसे जाऊ नका." "दूधवाले भाऊ, थांबा!" "कस्तुराबाई वो!" "धम्मे, जेवली का?"

"दुखून राह्यलं, हे बी भरून ठेवू का?" धम्मदीपाने विचारलं.

"नाई. असे रडके शब्द कायले भरतं? दुखलं तं तोंडावर दिसतेच."

"मंग बाबांले बलवाचं असलं तं?"

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला आणि पार ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो, आयकलं का?"

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. हीच त्यांची हाक. ती भरून झाली आणि त्या धम्मदीपाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिल्या. त्यानंतर अकोल्याची गाडी आली.

महिना उलटला. वच्छलाबाई घरी आल्या, गळ्याभोवती पांढरं मऊ कापड होतं. जीव वाचला होता. पण इतक्या बोलक्या बाईने मुकं राहायचं म्हणजे काय, हे घराला रोज नव्याने कळत होतं. त्या तोंड उघडत, आठवण होई आणि तोंड मिटत. धम्मदीपाने डबी तयार करून त्यांच्या हातात दिली. नव्या डबीत आवाजाचं काम फार होतं, म्हणून तिने कंपायलरला या वेळी घाईने, चपळाईने काम करायला सांगितलं होतं. "धम्मे, जेवली का?" हे आईने घरातल्या घरात हळूच म्हटलेलं वाक्य छान वाजलं. वच्छलाबाईंनी डबी गालाला लावली. आमचं सगळ्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी रिठदहून भावकीतली माणसं भेटायला आली. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून, डबी मुठीत धरून ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यांना आपण आपल्या आवाजात जय भीम घालणार, याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी बटण दाबलं. "जय" एवढं आलं, खणखणीत आलं, आणि पुढे पत्र्यावर खडे घासल्यासारखी खरखर सुरू झाली. ती थांबेचना. एक म्हातारी दचकून मागे सरकली. वच्छलाबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

त्यांनी मुकाट्याने हात जोडले. मग आत गेल्या, डबी रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. त्यानंतर त्यांनी डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. धम्मदीपाने बाहेर काढून दिली तर मान हलवून परत ठेवून देत. तो आवाज आपला नाही, आपण गेल्यावर कोणीतरी आपली नक्कल करत आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं भिंतीशी उभं राहणं थांबलं. पाहुणे आले तर त्या आतल्या खोलीत पडून राहू लागल्या.

मित्रांनो, हे सांगताना मला अजूनही कसंसं होतं. एका बाईचा आवाज सांभाळायचा होता आणि तो आमच्या घरात येऊन फाटला होता.

धम्मदीपा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली, ती बसलीच. दोष मोठा छळवादी होता. हळू बोल नीट वाजत, मोठी हाक फाटत असे. कंपायलरला सावकाश काम करायला सांगितलं की हाक शाबूत येई, पण इतकी ओढत येई की ती वच्छलाबाईंची वाटतच नसे. कुठे बिघडतं ते पाहायला तिने मध्ये एक ओळ घातली, तर बिघाडच नाहीसा झाला. ओळ काढली की पुन्हा हजर. पाहिलं की नाही, न पाहिलं की आहे, असल्या दोषाला पकडायचं कसं?

रविवारी प्रसेनजित आला. त्याने पडद्यावर नजर फिरवली आणि बोट नेमकं माझ्यावर ठेवलं. "हे काय जुनं ठिवलं तू? आता असेंब्ली कोन लिहिते? काढून टाक, सगळं सीमंधीच कर."

धम्मदीपाने ओठ चावला. मग दाराशी उभी असलेली ओळ तेवढी ठेवून माझ्या बाकीच्या प्रत्येक ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा ओढल्या. अशा रेघांच्या मागे जे असतं ते कंपायलर वाचत नाही. ओळी जागच्या जागी राहतात, पण त्यांच्यात जीव नसतो.

त्या रेघांमागचे दिवस फार शांत होते. कंपायलर रोज माझ्यावरून जाई, एखाद्या थांब्यावर प्रवासी नसले की एसटी जाते तसा. शेजारच्या सीच्या ओळी बोलत, मोजत, धावत, आणि मी नुसता पाहत असे. हळूहळू मला माझंच काम धूसर दिसू लागलं. आपण कधी आवाज धरला होता का, की तेही फोल्डरमधलंच स्वप्न? कुठून तरी "जय" एवढा शब्द येई आणि विरून जाई. मी त्याचा पुढचा शब्द शोधत राही. तुम्हालाही झोपेत असं झालं असेल. कोणीतरी बोलावतं, तुम्ही उठायला जाता आणि हातपाय हलत नाहीत.

माझ्या जागी सीची वाक्यं आली होती. ती बिचारी मन लावून काम करत, पण डबीतलं यंत्र लहान होतं. त्यांचं संपायच्या आत पुढचा आवाज येऊन थडके. हाक लंगडू लागली. धम्मदीपाची रजा संपत आली होती.

आणि मग एका दुपारी कस्तुराबाईंचं सूप हरवलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "माहं सूप कुठी गेलं व? निकिता, तू ठिवलं काय कुठी?"

निकिता त्यांची सून, सासूला मामी म्हणणारी. ती म्हणाली, "म्या हात बी नाई लावला, मामी."

"मंग पाय फुटले का त्याले? सकाळी अठीच होतं. तूच वापरून राह्यली होती."

निकिताने घर पालथं घातलं. माळा पाहिला, मोरी पाहिली, खाटेखाली पाहिलं. तिचा आवाज रडकुंडीला आला. धम्मदीपाने त्रासून लॅपटॉपवरून मान वर केली आणि आत पाहिलं. स्वयंपाकघरात वच्छलाबाई खाली मान घालून तूर पाखडत होत्या, कस्तुराबाईंच्या सुपात. नेहमीसारखा भिंतीवरून हात घालून त्यांनी सूप आणलं होतं. आणताना नेहमीसारखं तोंडही उघडलं असेल. पण ओरडणार कशाने?

धम्मदीपा बघत राहिली. सूप चोरीला गेलं नव्हतं, हरवलं नव्हतं, नेणारीने काही वावगं केलं नव्हतं. फक्त सांगितलं गेलं नव्हतं. आणि ज्या बिचारीने हातही लावला नव्हता ती बोलणी खात होती.

"आई, तू सांगतलं नाई," ती पुटपुटली. मग एकदम उभी राहिली. "आई, म्या बी सांगतलं नाई!"

वच्छलाबाईंच्या हातातलं सूप थबकलं. पोरीला काय झालं, म्हणून त्या पाहू लागल्या. धम्मदीपा भिंतीशी धावली. "काकू, निकितावैनीले बोलू नका. सूप अठी आहे, आईनं आनलं."

पलीकडची शोधाशोध थांबली. मग कस्तुराबाईंचा आवाज आला, पार खाली गेलेला. "राहू दे माय, राहू दे तिच्यापाशी. मले हाक नाई आली ना, म्हून समजलं नाई." आणि त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या.

आता काय घडलं होतं ते ऐका. सीच्या अंगणात माझ्यासारख्या ओळी बसवल्या की त्यांच्या शेवटी एक जागा असते. तिथे कंपायलरला सांगायचं असतं की या ओळी कोणकोणते कप्पे वापरतील. होस्टेलमध्ये लिहिताना धम्मदीपाने ती जागा मोकळीच सोडली होती. घरचाच तर आहे कंपायलर, त्याला काय सांगायचं? तेव्हा तो सावकाश काम करत असे, हातातलं प्रत्येक वेळी खाली ठेवून देत असे, म्हणून काही बिघडलं नाही. या वेळी त्याला चपळाई करायला सांगितलं होतं. आवाजात आपण कुठवर पोचलो याची खूण त्याने विश्वासाने चौथ्या कप्प्यात ठेवली. हळू बोलाला माझ्या ओळी उठतच नसत. मोठी हाक आली की उठत आणि तोच चौथा कप्पा उचलत, कारण तसं लिहिलेलं होतं. कंपायलरची खूण गेली. मग तो माझाच आकडा आपली खूण समजून भलत्या रानात शिरे आणि तिथे जे सापडेल ते स्पीकरला आणून देई. ती खरखर म्हणजे तेच.

धम्मदीपाने तिरक्या रेघा पुसल्या. माझ्या शेवटी, त्या मोकळ्या जागेत, चौथ्या कप्प्याचं नाव लिहिलं. बस, एवढंच. कंपायलरने ते वाचलं, एक अक्षर न बोलता आपली खूण दुसऱ्या कप्प्यात नेऊन ठेवली आणि कामाला लागला. मी उठलो. "जय भीम" माझ्या अंगावरून गेलं, अख्खं, काठोकाठ भरलेलं. धम्मदीपाने कानाला हेडफोन लावले होते. तिने ते बटण पुन्हा पुन्हा दाबलं आणि तिथेच ओसरीवर आईसाठी रडली.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला एवढ्या लांब कशाला आणलं असतं? डबी दुरुस्त झाली, वच्छलाबाई झाल्या नव्हत्या. धम्मदीपाने डबी पुढे केली तशी त्यांनी तोंड फिरवलं. एकदा पाहुण्यांसमोर झालेली फजिती त्यांना पुरेशी होती. "एकडाव आयक तं खरं," ती म्हणाली. त्या उठून परसात गेल्या. शेवटी रजा संपली. डबी फळीवर ठेवून, आईच्या पाया पडून धम्मदीपा संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेली. जाताना वडिलांना म्हणाली, "बाबा, आई नसली वापरत तरी राहू द्या. चार्ज करत जा फक्त."

पुंजाजी नेमाने चार्ज करत. पुसून फळीवर ठेवत. घरात आता भांड्यांचे आवाज होते, पावलांचे होते, माणसाचा नव्हता. वच्छलाबाई हाताने खुणा करत आणि पुंजाजी मान डोलावत. कधी खूण समजत नसे, तरी डोलावत. हे असंच राहील, असं मला वाटू लागलं होतं.

एका दुपारी वच्छलाबाई परसात कपडे वाळत घालत होत्या. पुंजाजींनी दाराकडे पाहिलं, डबी काढली आणि खुर्चीवर बसून एक बटण दाबलं.

"अवो, आयकलं का?"

काय सांगू मित्रांनो, घर दचकलं. ती हाक माझ्यातून गेली, तेव्हा मी ती माथ्याशी अशी धरली जशी आजवर कोणतीच धरली नव्हती. ती फाटली नाही. भिंतीपलीकडे कस्तुराबाईंच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पुंजाजींनी पुन्हा दाबलं.

"अवो, आयकलं का?"

"आयकलं," ते म्हणाले. समोर भिंत होती, तिच्याकडे पाहून म्हणाले. मग आणखी एकदा दाबलं आणि आणखी एकदा म्हणाले, "आयकलं, बोल."

परसदारात वच्छलाबाई उभ्या होत्या. हातात ओलं धोतर तसंच, त्यातून पाणी ठिबकत होतं. आपलीच हाक त्यांनी आपल्या घरातून ऐकली होती, होती तशी, आणि तिला मिळालेलं उत्तरही ऐकलं होतं. पुंजाजींनी मान वळवली. चोरून गूळ खाताना सापडल्यासारखे ते उठून उभे राहिले.

"त्या दिवशी तू हे भरून राह्यली होती," ते म्हणाले, "तवा मी बाहीरच होतो. आयकू आलं होतं मले. वाटलं, मशिनीसाठी म्हनून राह्यली, आपन कायले मंधात बोलाव." त्यांनी डबी दोन्ही हातांत धरली. "जन्मभर असंच वाटत गेलं, वच्छले. तू हाक मारे, अन् मी म्हनो, घडीभरानं ओ देऊ."

वच्छलाबाईंनी धोतर दाराच्या कडीला अडकवलं. त्या आल्या, नवऱ्याच्या हातातून डबी घेतली, आणि त्यांच्या समोर, अगदी समोर उभं राहून स्वतःच्या खरखरीत बोटाने ते बटण दाबलं.

"अवो, आयकलं का?"

"आयकलं."

पुढचं बटण नव्हतं. पुढे काय म्हणायचं ते भरायचं राहून गेलं होतं. वच्छलाबाईंनी डबीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. पुंजाजी घाबरले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती हसते आहे. आवाज नव्हता, पण हसत होती. तशाच हसत त्या भिंतीशी गेल्या, "कस्तुराबाई वो!" दाबलं, आणि पलीकडून ओरडत, रडत, धडपडत जी ओ आली ती सगळ्या लेआउटने ऐकली.

तेव्हापासून मी रोज कामावर असतो. दूधवाला थांबतो. पाहुण्यांना जय भीम होतो, चहा होतो. पुण्याहून फोन आला की "धम्मे, जेवली का?" जातं आणि तिकडून "जेवली, आई" येतं. कारभाऱ्याच्या घरात सीचा तोरा आहे तसाच आहे, आणि मी माझ्या ओट्यावर बसून हाकेची वाट पाहतो. मी म्हातारा झालो आहे. पुढे कधी नवं यंत्र येईल, माझी बोली त्याला समजणार नाही, आणि मग मला फोल्डरसुद्धा मिळणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुम्हाला मात्र एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कोणीतरी स्वयंपाकघरातून, अंगणातून, वरच्या खोलीतून तुम्हाला हाक मारत असेल. तुम्ही खेळात असाल, पडद्यात बुडालेले असाल आणि मनात म्हणत असाल, घडीभराने ओ देऊ. तसं करू नका. मी ती हाक जपू शकतो. हवी तितक्यांदा, जशीच्या तशी, न फाटता देऊ शकतो. पण मित्रांनो, नवी हाक मला एकही देता येत नाही.